दम खायला मिळत नाही, म्हणून गट सोडू का?

पत्र साताऱ्याहून आलं आहे, एका शिक्षिकेचं. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय. मजकूर थोडा आखडता घेऊन देते.

‘ताई, मी 44 वर्षांची. जानेवारीत आमच्या भागातल्या धावणाऱ्यांच्या एका गटात जायला लागले. मंगळवारी आणि गुरुवारी मैदानावर व्यायाम, रविवारी धावणं. दहा-बारा जण आहेत, माणसं चांगली आहेत. पहिले तीन महिने एकही दिवस चुकवला नाही. चार किलो वजन उतरलं, पडल्या पडल्या झोप लागायला लागली, वर्गातली चिडचिड कमी झाली. मग गटानं पावसाळ्यातल्या हिल मॅरेथॉनची तयारी धरली आणि रविवारी यवतेश्वरचा घाट सुरू झाला. तिथं मी सगळ्यात मागे. बाकीचे वळणावर माझ्यासाठी थांबतात. मी पोचले की लगेच निघतात. त्यांना दम खायला मिळतो, मला मिळत नाही. एका रविवारी मी वळणावर पोचत असताना एकानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. बोललं कुणीच काही नाही. पण त्यानंतर मी गेले नाही. दीड महिना झाला. एकटीनं धावून बघितलं, नऊ दिवस टिकलं. घाट उतरताना उजवा गुडघा दुखायला लागला होता, तो अजून जिना उतरताना बोलतो. इतके महिने धावूनही जिना चढताना धाप लागायचीच. पाळीचंही हल्ली तंत्र बिघडलंय, खूप जातं. सासूबाई म्हणतात, या वयात गुडघे घालवून बसशील, आणि सकाळचे डबे कोण करणार? शेजारच्या वहिनी विचारतात, ललिता बाबर व्हायचंय का? मला काहीच व्हायचं नाही हो. मला फक्त ते तीन महिने परत हवेत. जिम लावू, एकटीच चालू, की परत जाऊ?’

बाई,

तुम्ही शाळेत शिकवता, म्हणून मीही बाईच म्हणते.

परत जा. पण गट जसा सोडलात तसाच्या तसा धरू नका. गटाची रविवारची पद्धत बदलायला सांगा आणि मग जा. ती कशी बदलायची ते पुढं लिहितेच.

त्याआधी एक काम याच आठवड्यात करा. पाळीत खूप जातं आणि जिना चढताना धाप लागते, ही दोन वाक्यं तुम्ही पत्राच्या शेवटी एकामागोमाग एक लिहिलीत आणि पुढं निघून गेलात. मी जाऊ देणार नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं की त्याला ॲनिमिया म्हणतात, आणि चाळिशीनंतर पाळी अशी अंगावरून जायला लागली की ते गुपचूप खाली उतरत राहतं. रक्तच प्राणवायू कमी वाहून नेत असेल, तर तुम्ही कितीही नेमानं धावा, चढावर छाती भरूनच येणार. तेव्हा हिमोग्लोबिन, शरीरातल्या लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, थायरॉइड, साखर आणि बीपी, एवढं बघून घ्या. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘या वयात असंच असतं’ म्हणून गप्प बसू नका. आणि धावताना छातीत दडपण आलं, डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा काहीही न करता धाप लागली, तर आधी डॉक्टर, मग बाकीचं सगळं.

आम्ही बायका मागे पडलो की पहिला संशय स्वतःच्या मनावर घेतो. आपल्यात चिकाटी नाही, आपल्याला जमत नाही. तुम्ही तीन महिने एकही दिवस न चुकवता गेलात, म्हणजे चिकाटी आहेच. कदाचित लोह नसेल.

आता गटाविषयी. ‘त्यांना दम खायला मिळतो, मला मिळत नाही’, या वाक्यावर मी थांबलेच. गटात शेवटी धावलेल्या प्रत्येकाला ते कळेल. पुढं गेलेले दोन-तीन मिनिटं उभे राहतात, पाणी पितात, गप्पा मारतात. मागचा पोचतो, आणि त्याला बघून सगळे निघतात, कारण त्यांच्या मते विश्रांती झालेली असते. ज्याला तिची सगळ्यात जास्त गरज, तोच तिच्याशिवाय पुढचा चढ चढतो. प्रत्येक वळणावर तो आणखी थकतो, आणखी मागे पडतो. तुमच्या गटातल्या कुणाच्याही मनात वाईट नसेल. पद्धत चुकीची आहे.

मी हे दुसऱ्या तऱ्हेनं भोगलंय. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा ज्या गटात गेले, तिथं रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सगळ्यांच्या वेळांची यादी पडायची. सगळ्यात वर सगळ्यात वेगवान, आणि तळाला माझं नाव. कुणी टोमणा मारला नाही, यादीत सगळेच होते. पण संध्याकाळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. दोन महिन्यांनी मी जाणं बंद केलं आणि पुढचे आठ महिने घरात बसले. त्या आठ महिन्यांत माझी साखर सीमारेषा ओलांडून गेली. म्हणून तुमचा दीड महिना मला छोटा वाटत नाही आणि कुणी एकानं घड्याळाकडे बघणं ही क्षुल्लक गोष्ट आहे असंही मी म्हणणार नाही. मात्र धावणारी माणसं घड्याळ श्वासासारखी बघतात, स्वतःचे ठोके, स्वतःची वेळ. त्या माणसाला तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारायची गरजही नाही, पण त्याच्या मनगटावरून स्वतःबद्दलचा निकाल लावू नका.

त्यानंतर मी कोल्हापूरच्या रंकाळ्यावरच्या गटात आले, त्याला आता चौदा वर्षं होतील. आमच्या गटात एक वहिनी आहेत, घरी शिवणकाम करतात. पहिल्या दिवसापासून सगळ्यात हळू त्या. आजही सगळ्यात हळू त्याच. साडीवर कॅनव्हासचे बूट घालून सुरुवात केली, मग पंजाबी ड्रेस, आता ट्रॅकपँट. चाल मात्र तीच, एक लय, कधी वाढत नाही, कधी तुटत नाही. या चौदा वर्षांत कितीतरी वेगवान पोरं आली. कुणी मुंबईची फुल मॅरेथॉन केली आणि नंतर दिसलं नाही, कुणाचा गुडघा गेला, कुणाची बदली झाली. वहिनी आहेत. शालिनी पॅलेसच्या बाजूला त्या दिसल्या की सहाला पाच कमी आहेत, हे आम्ही घड्याळ न बघता सांगतो.

चार वर्षांपूर्वी एका गुरुवारी त्या दिसल्या नाहीत. फोन लागेना. सहा दहाला तिघं जण व्यायाम सोडून त्यांच्या गल्लीत गेले. रात्री त्यांच्या मिस्टरांना चक्कर येऊन ते मोरीत पडले होते, वहिनी एकट्या त्यांना धरून बसलेल्या, फोन चार्जिंग संपून बंद. त्या तिघांनी रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं. मिस्टर बरे आहेत आता. मला यात सांगायचंय ते हे, की त्या हळू धावतात म्हणून कुणाला त्या जड झाल्या नव्हत्या. त्या रोज येतात म्हणून न आल्याचं दहा मिनिटांत कळलं. तुम्हाला वाटतंय की तुम्ही गटाला मागे ओढत होता. तुमच्या गटात तीन महिने न चुकता येणारं आणखी कोण होतं, ते एकदा आठवून बघा. हजेरी देणारी माणसं असतात म्हणून बाकीच्यांना पहाटे अंथरूण सोडावंसं वाटतं. गटाला तुमच्याकडून वेग नको असतो, तुम्ही तिथं असणं हवं असतं.

माझे वडील तालमीत वाढले. पहाटे दहा-पंधरा पोरं एका रांगेत बैठका मारायची, वस्ताद मोजायचे. पन्नासनंतर मांड्या पेटतात, पण शेजारचा खाली बसला की आपणही बसतो. घरी एकट्यानं रोज दोनशे बैठका मारणारा पैलवान मी काही पाहिला नाही. तुमच्या साताऱ्यात तर मैदानावर पोलीस भरतीची पोरं-पोरी पहाटेपासून दिसतात. पोरं सोळाशे मीटरची तयारी करतात, पोरी आठशेची, आणि सगळी घोळक्यानं. तेव्हा गटानं व्यायाम करणं ही काही शहरातून आलेली नवलाई नाही.

एकटीनं नऊ दिवसच टिकलं म्हणून तुम्ही खंत करताय. नऊ दिवसांत सवय लागतच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून तिच्या नोंदी ठेवल्या. 2009 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोष्ट आपोआप घडायला लागायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. जेवणाबरोबर ग्लासभर पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे एक खाडा झाला की ‘गेलं आता सगळं’ म्हणायचं कारण नाही. सवय लागेपर्यंतचे दोन-तीन महिने ज्यानं त्यानं कशाच्या तरी आधारानं काढायचे असतात. तुमच्यासाठी तो आधार मैदानावरची माणसं होती. जिमचं म्हणाल, तर वर्षाचे पैसे भरून मार्चपर्यंत जाणारी माणसं मी इतकी बघितलीत की त्या वाटेला तुम्हाला लावावंसं वाटत नाही. तिथंही सोबत मिळाली तर चांगलंच आहे, पण तुमच्याकडं माणसं आधीच आहेत.

आता पद्धत. आमच्या गटात हे सगळं भांडून, चुकून, माणसं गमावून ठरलंय, म्हणून नीट सांगते.

रविवारी अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. सगळ्यांनी एकत्र निघायचं, पंचवीस मिनिटं आपापल्या चालीनं जायचं आणि पंचविसाव्या मिनिटाला जो जिथं असेल तिथून त्यानं मागे फिरायचं. वेगवान माणूस चार किलोमीटरवरून वळेल, तुम्ही अडीचवरून. येताना तो मागून येऊन तुम्हाला गाठेल, आणि सगळे थोड्याफार फरकानं एकत्रच खाली पोचतील. कुणी कुणासाठी वळणावर उभं राहत नाही. व्यायाम मात्र सगळ्यांचा सारखाच, पन्नास मिनिटं. हे इतकं साधं आहे, पण आम्हाला सुचायला चार वर्षं लागली.

मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना जास्त चढ हवा असेल, तर त्यांनी वर थांबण्याऐवजी खाली यावं. पुढचा माणूस मागच्यापर्यंत उतरतो आणि त्याच्याबरोबर पुन्हा चढतो. त्याचा चढ दुप्पट होतो, मागच्याला सोबत मिळते. आणि एखाद्या ठिकाणी थांबायचंच ठरलं, पाण्यासाठी किंवा मोजणीसाठी, तर घड्याळ शेवटचा माणूस आल्यावर सुरू करायचं. तो आल्यापासून दोन मिनिटं. तोवर कुणी हलायचं नाही. आमच्याकडे मागं राहायची पाळीही लावलेली असते. दर रविवारी एक वेगवान गडी मुद्दाम शेवटच्या माणसाबरोबर धावतो. पहाटेचा अंधार, कुत्री, आणि तुमच्याकडं तर कासला जाणाऱ्या गाड्यांची रविवारची गर्दी. घाटात कुणीही, त्यातून बाईमाणूस, एकटं मागं राहता कामा नये. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, म्हणजे रस्त्याच्या उजवीकडून धावायचं आणि अंधारात चमकणारी पट्टी अंगावर हवी, हेही गटाला सांगा.

गुडघ्याकडे वळते. सासूबाईंची काळजी खोटी नाही, पण धावल्यानं गुडघे झिजतात हा समज तपासून बघण्यासारखा आहे. 2017 साली एक लाखाहून जास्त लोकांच्या नोंदींचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. हौसेनं धावणाऱ्यांमध्ये खुब्याची किंवा गुडघ्याची झीज साडेतीन टक्के लोकांना होती, बैठं आयुष्य काढणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांच्या वर, आणि स्पर्धेसाठी जीव तोडून धावणाऱ्यांमध्ये तेराच्या वर. यावरून धावणं म्हणजे गुडघ्यांचं औषध असं म्हणता येणार नाही, कारण ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, असंही असू शकतं. पण बसून राहिल्यानं गुडघे वाचतात याला काही आधार दिसत नाही, एवढं सासूबाईंना खुशाल सांगा.

तुमचा गुडघा उतारानं दुखावलाय, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. सपाटीवर काही नाही, घाट उतरताना आणि जिना उतरताना दुखतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जाता जाता शरीराचं वजन रोखून धरतात, आणि ते कमी पडले की सगळा भार वाटीवर येतो. त्यात घोळक्याची ओढ. सोबत असली की माणूस एकट्यापेक्षा वेगानं जातो, हे नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी अभ्यासकानं 1898 साली सायकल शर्यतींच्या नोंदी ताडून मांडलं होतं. जी ओढ तुम्हाला पहाटे घराबाहेर काढत होती, तीच तुम्हाला उतारावर तुमच्या पायांना झेपणार नाही इतक्या वेगानं खाली नेत होती. छातीचा दम तीन-चार आठवड्यांत सुधारतो. हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला कित्येक महिने लागतात. मधल्या काळात दम म्हणतो ‘जा’, आणि गुडघा, नडगी, टाच यांतलं काहीतरी एक बोलायला लागतं.

म्हणून निदान तीन महिने घाट चढा, उतार मात्र चाला. न लाजता चाला, छोटी पावलं टाकत. मंगळवार-गुरुवारच्या व्यायामात मांड्या आणि खुबे मजबूत करणारं काही आहे का बघा. नसेल तर मागा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलून धरणं. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली. आणि तुमच्यासाठी खास, एका पायावर उभं राहून दुसरं पाऊल पायरीवरून अगदी हळू खाली टेकवणं, चार आकडे मोजत. दहा-बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. पावसात मैदान गेलं तर हे सगळं शाळेच्या व्हरांड्यातही होतं. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निवत असेल तर चालू ठेवा. लंगडावं लागलं तर त्या दिवशी बंद. गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा रात्री झोपेतून उठवायला लागला तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. दीड महिना सुटी घेऊनही दुखतोय, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवलंत तर बरंच.

धावणं पुन्हा सुरू कराल ते जिथं सोडलं तिथून नको, निम्म्यावरून. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं वीस-पंचवीस मिनिटं. दोन आठवडे सुखानं झालं की दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल. वेग एवढाच ठेवायचा की काल घरी काय झालं ते शेजारणीला पूर्ण वाक्यांत सांगता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा, मग पुढचे कितीही पुढं जावोत. निघायच्या आधी एखादं केळं किंवा दोन खजूर, आणि परत आल्यावर नुसता चहा-बिस्कीट नको. मोडाची उसळ, अंडी, शेंगदाणे घातलेले पोहे, काहीतरी भरीव खा. पावसात बूट भिजले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, आणि झोपायच्या आधी एकदा बदला. सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. ओल्या मोज्यांनी बोटांत चामडी सोलते, तिथं आधीच खोबरेल चोळा.

घरचं. तुमच्या पत्रात मिस्टरांचा उल्लेखच नाही, म्हणून मी विचारते, डब्यांचा प्रश्न त्यांनाही पडतो का? व्यायामाच्या तीन दिवसांतले फक्त दोनच शाळेचे आहेत, मंगळवार आणि गुरुवार. त्या दोन दिवशी भाजी रात्री चिरून ठेवली, कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवली आणि पोळ्या दुसऱ्या कुणी लाटल्या, किंवा त्या दिवशी डब्यात पोळीऐवजी थालीपीठ-दही गेलं, तर कुणाचं काही बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं थोडी दमवणारी हालचाल करायला सांगते, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. तुमचे तीन दिवस, पन्नास-पन्नास मिनिटं, बरोबर तेवढंच होतं. तुम्ही घराकडून चैनीसाठी वेळ मागत नाही आहात, औषधाच्या डोसाइतकाच मागताय. हे चिडून नाही, एकदा बसून, चहा घेताना सांगा. सासूबाईंना जमलं तर एखाद्या गुरुवारी बरोबर घेऊन जा. बाकावर बसून हातपाय हलवणाऱ्या आज्या आमच्या गटात दोन आहेत, आणि दोघीही सुनांबरोबर पहिल्यांदा आल्या.

शेजारच्या वहिनींना काय सांगायचं? ललिता बाबर तुमच्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या लागोपाठ तीन वर्षं पहिल्या आल्या, मग तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळल्या आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्या 1984 नंतर ट्रॅकवर ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. दुष्काळी मुलखातली मुलगी तिथवर गेली, हे नाव टोमण्यासाठी वापरलेलं मला रुचत नाही. पुढच्या वेळी वहिनींनी विचारलं तर ‘नाही हो, पण त्यांच्याच जिल्ह्यातली आहे, तुम्हीही चला’ म्हणा. निम्म्या वेळा विचारणाऱ्याला स्वतःलाच यायचं असतं. आमच्या शिवणकामवाल्या वहिनी अशाच आल्या होत्या.

आणि शर्यत. सातारची हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होतेय. एकवीस किलोमीटर, जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेनं उतरून यायचं. यंदा ती पळू नका. उतारानंच दुखावलेला गुडघा, दीड महिन्याचा खंड आणि रक्ताचा अहवाल यायचाय. पण त्या दिवशी घरीही बसू नका. पाण्याच्या टेबलावर उभ्या राहा, गटाचे कपडे सांभाळा, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तिथून हलू नका. शेवटी येणारी माणसं जवळून बघा. पांढरे केस, पोट सुटलेली, कुणी नातवाच्या वयाच्या पोराचा हात धरून आलेली. पुढच्या वर्षी त्यांच्यात तुम्ही असाल असं मला मनापासून वाटतं, पण ते पुढच्या वर्षी बघू.

परतायचा दिवस गुरुवार निवडा. मैदानावर सगळे एकाच जागी असतात, तिथं पुढं-मागं काही नसतं. आणि न सांगता जाऊ नका. बुधवारी संध्याकाळी गटावर लिहा. काय लिहायचं हे सुचत नसेल तर हे घ्या, तुमच्या भाषेत बदला:

‘नमस्कार. दीड महिना आले नाही, कारण घाटात मी मागे राहत होते आणि तुम्हाला माझ्यासाठी थांबावं लागतं याचा मला त्रास व्हायचा. उद्यापासून परत येतेय. गुडघ्यामुळं सध्या चाल-धाव करणार आहे आणि उतार चालणार आहे. रविवारी अंतराऐवजी वेळेवर वळायचं का, म्हणजे कुणाला कुणासाठी थांबायला लागणार नाही? उद्या साडेपाचला मैदानावर आहे.’

काय उत्तर आलं ते मला कळवा. रक्ताच्या अहवालाचंही कळवा.